आरोपाची परतफेड

नोव्हेंबर २०२४ मधील एका संध्याकाळी पूर्णाकाठच्या एका गावात एका आजाऱ्याला ख्रिस्तशरीर देऊन आम्ही परत निघालो होतो. वाटेत आठवडी बाजाराच्या मोकळ्या जागेत प्रचारसभा चालली होती. रस्ता अडलेला, तेव्हा मोटारसायकल बंद करून आम्हीही गर्दीच्या कडेला उभे राहिलो. वक्ता जिल्ह्याबाहेरून आलेला होता आणि बोलण्यात मोठा तरबेज होता. कोणी कोणाच्या पाठीत केव्हा खंजीर खुपसला, कोणाच्या खोक्यांत काय होते, कोणाचे वडील आज असते तर काय म्हणाले असते, हे त्याने पाऊण तास रंगवून सांगितले. लोक हसले, टाळ्या पडल्या. आम्हांलाही दोनदा हसू आले, हे कबूल केले पाहिजे. सभा उठली तेव्हा कापूस वेचून परस्पर तेथे आलेल्या बायकांतली एक म्हातारी शेजारणीला विचारीत होती, "पान्याचं काय म्हने थो?" शेजारीण म्हणाली, "पान्याचं काई नाई म्हने, बाप्पा. चोर कोन, थे सांगे."

त्या दोन वाक्यांनी आमचा पुढे बरेच दिवस पिच्छा पुरविला. राजकारणातील भाषा घसरली, ही तक्रार आता इतकी जुनी व गुळगुळीत झाली आहे की ती करणाऱ्याचेही तिकडे लक्ष नसते. आमची तक्रार थोडी निराळी आहे. त्या वक्त्याची भाषा फारशी असभ्य नव्हतीच. त्याने तमाशातली बतावणी उत्तम केली; फक्त बतावणीनंतर वग यावयाचा असतो, तो आलाच नाही.

कठोर शब्दांचे आम्हांला वावडे नाही. मराठीला ते असूही नये. दांभिकांना तुकोबांनी जे सुनावले आहे ते आजच्या कोणत्याही सभेत म्हटले तर भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदला जाईल. प्रबोधनकारांची लेखणी मऊ नव्हती. आणि आचार्य अत्रे? १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी 'मराठा' दैनिक सुरू केले, तेव्हापासून मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांच्या वाट्याला जी विशेषणे आली त्यांचा एक छोटा कोश होईल. त्यात अतिशयोक्ती होती, प्रसंगी अन्यायही होता. परंतु अत्र्यांचा कोणताही अग्रलेख घ्यावा आणि त्यातील शिव्या एकेक करून वगळाव्या: खाली एक मागणी शिल्लक राहते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र ही ती मागणी. ती बरोबर की चूक यावर वाद करता येत होता. १९५७ च्या निवडणुकीत लोकांनी त्या मागणीवर मत दिले आणि १ मे १९६० रोजी तिचा निकाल लागला. शिवी काढून टाकली तरी वाक्य उरत असे. आमच्या मते टीकाकाराने राजकीय वक्तृत्वाला लावावयाची कसोटी हीच आहे, आणि ती साहित्याचीच कसोटी आहे. अलंकार काढल्यावर काय उरते?

आता ही कसोटी आमच्याच जिल्ह्याला लावून पाहू. १६ सप्टेंबर २०२४ रोजी बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी, राहुल गांधींची जीभ छाटणाऱ्यास अकरा लाख रुपये देण्याचे जाहीर केले. राहुल गांधी अमेरिकेत आरक्षणाविषयी जे बोलले होते त्याचा हा समाचार होता. देशभर गहजब झाला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, दोन्ही बाजूंनी निषेध आणि निषेधाचे निषेध झाले. आरक्षण हा ह्या राज्यात त्या वर्षी जिवंत, जळता प्रश्न होता. मराठा आणि ओबीसी दोन्ही समाज त्यावरून अस्वस्थ होते. अकरा लाखांचा आकडा वगळून आम्ही त्या सबंध वादाचे कात्रण पुन्हा वाचले. आरक्षणाविषयी एक नवे वाक्यही हाती लागले नाही. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय जिभेवरच आहे. आमचे वाचक तो काढून वाचतील. तेथे जीभ छाटण्याची सूचना नाही, तिला लगाम घालण्याची आहे.

एकाच माणसाला किंवा एकाच पक्षाला ह्यासाठी पिंजऱ्यात उभे करणे हा मात्र अन्याय होईल. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नारायण राणे मुख्यमंत्र्यांच्या कानाखाली मारण्याची भाषा बोलले आणि त्यांना अटक झाली. २०२४ च्या प्रचारात अरविंद सावंत एका महिला उमेदवाराविषयी बोलताना 'माल' हा शब्द वापरून बसले. सदाभाऊ खोत शरद पवारांच्या आजारातून उरलेल्या चेहऱ्यावर घसरले. दोघांनाही दिलगिरी व्यक्त करावी लागली. एवढ्यावर हा विषय सोडू. अशा उदाहरणांची यादी करीत बसणे हाही त्याच रोगाचा एक प्रकार आहे. ती वाचावयास चटकदार लागते.

त्या प्रचाराचे शेवटचे दहा दिवस आठवून पाहावे. ११ नोव्हेंबरला वणी येथे उद्धव ठाकरे यांच्या बॅगा तपासल्या गेल्या, त्यांनी त्याचे चित्रण केले. मग इतर नेत्यांच्या बॅगाही तपासल्या जाऊ लागल्या आणि त्यांचीही चित्रणे आली. महाराष्ट्राला त्या आठवड्यात आपल्या पुढाऱ्यांच्या बॅगेत कोणकोणत्या वस्तू असतात हे तपशीलवार कळले. १९ नोव्हेंबरला, म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवशी, विरारच्या एका हॉटेलात भाजपचे विनोद तावडे यांना पैसे वाटल्याच्या आरोपावरून घेरण्यात आले. त्यांनी तो आरोप साफ नाकारला. त्याच दिवशी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्यावर बिटकॉइनच्या व्यवहाराचा आरोप झाला. तोही नाकारला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक मतदानाच्या रांगेत उभे होते. त्यांच्यापैकी कितींना बिटकॉइन म्हणजे काय हे ठाऊक होते, हा प्रश्न येथे गैरलागू समजावा.

त्याच काळात आमच्या भागात सोयाबीन घरात पडून होते. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या पुष्कळ खाली होता. सोयाबीनविषयी कोणी बोललेच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. एका आघाडीने सहा हजारांचे आश्वासन दिले, दुसरीने सात हजारांचे. १२ नोव्हेंबरला आमच्या चिखलीत राहुल गांधींची सभा होणार होती. विमानातील बिघाडामुळे ती रद्द झाली आणि त्यांचा दिलगिरीचा संदेश तेवढा आला. पण हे आकडे लिलावातल्या बोलीसारखे आले. पैसा कोठून येणार, खरेदी कोण करणार, बारदाना वेळेवर मिळणार का, ओलाव्याच्या नावाखाली माल परत पाठविणार का, हे विचारावयास सभेत वेळ नव्हता. वेळ बॅगांना दिला गेला होता.

येथे आमच्या जुन्या अभ्यासातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. सेमिनरीत आठव्या आज्ञेचा विषय निघाला की एक भेद आम्हांला घोकून घ्यावा लागे. दुसऱ्यावर खोटा आळ घेणे हे कुभांड. ते पाप आहे हे सांगावयास गुरुजी नको. परंतु दुसऱ्याचा खराच दोष, काही कारण नसता, चारचौघांत उघडा करणे हेही पापच. तरुणपणी हे दुसरे कलम आम्हांला पटत नसे. जे खरे आहे ते बोलण्यात पाप कसले, असा आमचा सवाल असे. आमचे वृद्ध प्राध्यापक म्हणत, "तुम्ही ते कशासाठी बोलता, ते आधी सांगा." समाजाचे नुकसान टळत असेल तर दोष उघड करणे हे पाप तर नव्हेच, ते कर्तव्य आहे, आणि गप्प बसणे हाच दोष आहे, असेही ते शिकवीत. आणि शेवटी एक कलम असे, ते सर्वांत अवघड. ज्याची अब्रू अकारण घेतली त्याला ती परत केली पाहिजे. प्रायश्चित्त संस्कारात नुसता पश्चात्ताप सांगून सुटका नाही. चोराने ज्याप्रमाणे माल परत करावयाचा, त्याप्रमाणे निंदकाने, ज्यांच्यापुढे निंदा केली त्यांच्यापुढेच, ती मागे घ्यावयाची. म्हणजे आरोप हे एक कर्ज आहे. ते पुरावा देऊन फेडा, नाही तर शब्द मागे घेऊन फेडा.

महाराष्ट्राच्या राजकारणात हे कर्ज बुडविण्याची प्रथा पडली आहे. १९९४ च्या सुमारास गो. रा. खैरनार यांनी शरद पवारांविरुद्ध ट्रकभर पुरावे असल्याचे सांगितले. १९९५ च्या निवडणुकीवर त्या ट्रकची छाया होती. सरकार बदलले. ट्रक आला नाही. पुढे सिंचनाच्या प्रकरणात भाजपच्या नेत्यांनी चितळे समितीकडे पुराव्याचे कागद बैलगाडीतून नेले. ते चित्र वृत्तपत्रांनी छापले आणि आम्हांलाही ते आवडले होते. ट्रकच्या मानाने बैलगाडी खरी होती. तीत कागद होते. पण त्या प्रकरणाचे पुढे जे झाले ते आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक दुःखद आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळले पाहिजे.

राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून एक आकडा बाहेर आला. सुमारे एका दशकात लागवडीखालील क्षेत्रातील सिंचित क्षेत्राचा वाटा १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेला होता. त्याच दशकात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले जात होते. पाटबंधारे खात्यातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी निकृष्ट कामे आणि फुगविलेले खर्च यांविषयी सरकारला पत्र लिहिले. नोकरीत असलेल्या माणसाने स्वतःच्या खात्याविषयी असे लिहावयास जे धैर्य लागते त्याची किंमत करता येत नाही. आमच्या प्राध्यापकांच्या भाषेत, दोष उघड करणे हे कर्तव्य ठरते ते असे. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरात श्वेतपत्रिका आली, तीत सिंचनवाढीचा आकडा बराच मोठा होता. डिसेंबरात ते पदावर परत आले.

ह्यानंतर प्रचार सुरू झाला आणि भाषेने आपले काम केले. ७० हजार कोटी हा एकूण खर्च होता. त्यात पूर्ण झालेली धरणे होती, अर्धवट कालवे होते, जमिनीचे मोबदले होते, आणि निःसंशय गैरव्यवहारही होता. किती, हे शोधावयाचे होते. सभांमध्ये 'सत्तर हजार कोटींचा घोटाळा' असा शब्दप्रयोग रूढ झाला. सबंध खर्चच चोरीला गेला! ऐकणाऱ्याला तो आकडा पाठ झाला आणि त्याच्या मागचा प्रश्न, एवढ्या पैशात कोणाच्या शेतात किती पाणी आले, हा विस्मरणात गेला. शून्य दशांश एक टक्का हा आकडा शेतकऱ्याचा होता. सत्तर हजार कोटी हा वक्त्याचा. वक्त्याचा टिकला.

आणि कर्जाची फेड? २०१४ मध्ये ज्यांनी हा आरोप प्रचाराच्या मध्यभागी ठेवला ते सत्तेवर आले. त्या डिसेंबरात लाचलुचपत प्रतिबंधक खात्याच्या चौकशीला मंजुरी मिळाली, अभियंते आणि कंत्राटदार यांच्यावर गुन्हे नोंदले गेले. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे आरोप करणारे आणि ज्यांच्यावर आरोप झाला ते एकत्र शपथ घेताना दिसले. दोन दिवसांनी त्या खात्याने नऊ चौकशा बंद केल्या. त्यांचा अजित पवारांशी संबंध नव्हता असे खात्याने सांगितले. पुढच्या महिन्यात, सरकार बदललेले असताना, त्याच खात्याने उच्च न्यायालयात त्यांच्यावर ठपका ठेवता येत नसल्याचे प्रतिज्ञापत्र दिले. २७ जून २०२३ रोजी भोपाळ येथे पंतप्रधानांनी राष्ट्रवादी काँग्रेसवरील आरोपांचा पुन्हा उच्चार केला, आकडा तोच. २ जुलै रोजी अजित पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले.

कोण दोषी होते हे ठरविण्याचा आम्हांला अधिकार नाही. आमचा प्रश्न आरोप करणाऱ्यांना आहे. तो खरा होता तर तुम्ही मांडीला मांडी लावून कसे बसलात? आणि खोटा होता तर ज्या मैदानांवर तो केला त्याच मैदानांवर उभे राहून मागे का घेतला नाही? दोहोंपैकी काहीच झाले नाही. शब्द वापरून झाला आणि टाकून दिला गेला. ज्याच्यावर आरोप झाला त्याची अब्रू परत मिळाली नाही, आणि ज्यांचे पाणी गेले त्यांना पाणी.

ते पाणी कोणते, हे आता सांगितले पाहिजे. कारण मुंबई-वसईच्या वाचकांना जिगाव हे नाव अपरिचित असण्याचा संभव आहे. आमचा जिल्हा दोन मजल्यांचा आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर ही घाटावरची बाजू. नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ही घाटाखालची. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळीभोर, खोल जमीन आहे, पण त्यातील मोठा भाग खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर खणली तर पाणी लागते, परंतु ते खारट असते. पिण्यास कठीण, आणि पिकाला दिले तर क्षार साठून जमीन घट्ट होऊन बसते. मूत्रपिंडाच्या विकाराने अंथरुणाला खिळलेली माणसे आमच्या परिचयाच्या गावांतूनही आहेत. म्हणून तेथे विहिरींच्या योजनांचा उपयोग नाही. पावसाचे गोडे पाणी अडवून तेच द्यावे लागते. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचा प्रकल्प त्यासाठी, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मंजूर झाला. मूळ अंदाज चारशे कोटींच्या आतला होता. पुढे तो तेरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. तीसहून अधिक गावे त्यासाठी उठावयाची आहेत. त्यांच्या पुनर्वसनात एक पिढी म्हातारी झाली. निविदांविषयी नागपूर खंडपीठापुढे ज्या याचिका झाल्या त्यांत जिगावचे नाव होते. म्हणजे सिंचन घोटाळा म्हणून जे काही होते ते आमच्या दारातच होते. आणि तरीही २०२४ च्या दोन्ही निवडणुका होईपर्यंत धरणाचे काम संपलेले नव्हते, आणि आमच्या कानांवर आलेल्या सभांतून 'घोटाळा' हा शब्द जितका आला त्याच्या दशांशाने 'जिगाव' आला नाही.

मुद्दा सोडून भलतेच काही बोलणे हा नकारात्मक प्रचाराचा दोष म्हणून सांगितला जातो. आम्हांला अधिक भयंकर वाटते ते निराळेच. येथे आरोप मुद्द्याच्या पोटीच जन्मला, पाण्याविषयीच जन्मला, आणि त्याने आपल्या आईलाच खाल्ले.

असे का होते, ह्याचे एक कारण वाङ्मयीन आहे. आरोपाला कथानक असते. त्यात खलपुरुष आहे, गुपित आहे, उलगडा आहे, उद्याच्या अंकाची उत्कंठा आहे. धरणाला कथानक नसते. त्याला नकाशा, अंदाजपत्रक आणि तीस वर्षे असतात. आपले राजकीय साहित्यही ह्या बाबतीत निर्दोष नाही. वऱ्हाडातच परतवाड्याला जन्मलेल्या अरुण साधूंनी 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' ह्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांवरून तेंडुलकरांच्या पटकथेने जब्बार पटेल यांनी १९७९ साली 'सिंहासन' चित्रपट केला. सत्तेचा खेळ किती पोकळ आहे हे साधूंना दाखवावयाचे होते, याविषयी आम्हांला शंका नाही. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस अखेर भ्रमिष्टासारखा होतो, ते उगाच नव्हे. परंतु चार दशके मराठी वाचक-प्रेक्षकांनी त्यातून काय उचलले? डावपेचांची चव. मंत्रिमंडळ डळमळले की आजही लोक उत्साहाने 'सिंहासन'ची आठवण काढतात, जणू तो सत्तास्पर्धेचा नमुनापाठ आहे. त्यात कामगार पुढारी डिकास्टा आहे. आपल्या समाजातले नाव म्हणून आम्ही तारुण्यात त्याच्याकडे कुतूहलाने पाहिले होते. त्याच्या मागे उभ्या असलेल्या कामगारांचा प्रश्नही त्या पटावरची एक सोंगटी होऊन बसतो. साधूंनी हे निदान म्हणून लिहिले. आपण ते करमणूक म्हणून वाचले. दोष लेखकाचा की वाचकाचा? थोडा दोघांचाही असावा. डाव इतका सुरेख मांडला की हरणारा दिसेनासा होतो, हा धोका त्या लेखनात आहे असे आम्हांला वाटते.

त्याच्या शेजारी आमच्या जिल्ह्यातले पुस्तक ठेवावे. सदानंद देशमुख हे चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. त्यांच्या 'बारोमास' ह्या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न मिळालेला, शेतीत अडकून पडलेला एकनाथ आणि त्याचे हळूहळू उसवत जाणारे घर, एवढीच गोष्ट. भाव, कर्ज, पाऊस, घरातली धुसफूस. वाचताना पुन्हा पुन्हा वाटते की कोणावर तरी संतापावे, आणि बोट दाखवावयास एक माणूस सापडत नाही. म्हणूनच ह्या पुस्तकातून प्रचाराचे भाषण काढता येणार नाही. त्याची गती संथ आहे, काही ठिकाणी ती कंटाळवाणी वाटते असे आमचे काही मित्र म्हणतात. वाटत असेल. एकनाथाचे वर्षही तसेच जाते. मराठी समीक्षेने 'बारोमास'ला ग्रामीण साहित्याच्या कप्प्यात ठेवले आणि 'सिंहासन'ला राजकीय साहित्याच्या. ही वाटणीच आम्हांला मान्य नाही. आमच्या दृष्टीने 'बारोमास' ही अधिक राजकीय कादंबरी आहे. तिच्यात मंत्री कमी आहेत, एवढेच.

लोकांना तमाशाच हवा असतो, त्याला वक्त्यांनी काय करावे, असे आम्हांला एका कार्यकर्त्याने ऐकविले. हे सर्वस्वी खरे नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या मतदारसंघात शिवसेनेच्या दोन गटांचे उमेदवार समोरासमोर होते आणि निष्ठा-गद्दारीचा सामना राज्यभर गाजत होता. त्यात रविकांत तुपकर अपक्ष उभे होते. सोयाबीन-कापसाच्या आंदोलनांवाचून त्यांच्यापाशी फारसे भांडवल नव्हते. ते तिसरे आले, पण त्यांना जवळजवळ अडीच लाख मते पडली. आम्ही त्यांची तरफदारी करीत नाही. आंदोलनाच्या भाषेलाही तिची स्वतःची बतावणी असते. पण भावाच्या प्रश्नावर अडीच लाख माणसे उठून मतदान करतात, हे त्या कार्यकर्त्याला कळावयास हवे. विधानसभेत बुलढाण्याची जागा अवघ्या ८४१ मतांनी ठरली. एवढ्या निसटत्या लढतीत पाण्याचा एक नीट विचारलेला प्रश्न कोणालाही महाग पडला असता, किंवा तारून गेला असता.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अकस्मात गळू लागले. काही दिवसांत डोकी तुळतुळीत झाली. मुली शाळेत जाईनात, ठरत आलेली लग्ने लांबणीवर पडली. केंद्राची तज्ज्ञ मंडळी आली, पाण्याचे आणि अन्नाचे नमुने गेले, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. तोपर्यंत त्या गावांना 'टक्कल व्हायरस' हे नाव पडले होते आणि दूरदूरचे लोक हसून घेत होते. रेशनचा गहू कोठून येतो, कोण तपासतो, हे विचारण्यात कोणाला फारसा रस दिसला नाही. त्यात कोणी खलपुरुष तत्काळ सापडण्यासारखा नव्हता.

निवडणुकीनंतर आमच्या धर्मग्रामातल्या तरुणांची एक बैठक झाली. मुख्यमंत्री कोण होणार, कोणाचे कोणाशी बिनसले, ह्याची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. आम्ही त्यांना विचारले, जिगावला मंजुरी केव्हा मिळाली? कोणालाच सांगता आले नाही. त्यांतला एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "फादर, तुम्हीच सांगा." आम्हांलाही सांगता आले नाही. नुकत्याच झालेल्या प्रचारातल्या चार अपशब्दांच्या तारखा मात्र आम्हांला पाठ होत्या. ह्या लेखात त्या आल्याच आहेत. धरणाविषयी वर जे लिहिले आहे त्यासाठी आम्हांला घाटाखाली दोन हेलपाटे घालावे लागले, जुनी कात्रणे चाळावी लागली आणि एका निवृत्त अभियंत्याची ओसरी झिजवावी लागली.

त्यांपैकी दुसऱ्या खेपेस सभेतली ती म्हातारी भेटली. तिने ओळखले आणि ओट्यावर बसवून घेतले. कोपऱ्यात विकत घेतलेल्या पाण्याचा जार होता; त्यातले पाणी तिने आम्हांला तांब्यात दिले. आम्ही विहिरीचे मागितले. "थे नोका पिऊ, फादर," ती म्हणाली. आम्ही आग्रह धरला तेव्हा तिने नातवाला पाठवून एक पेलाभर आणविले. दोन घोट कसेबसे गिळले. उरलेले तिने अंगणात ओतले, आणि जेथे ओतले तेथे ऊन लागून थोड्याच वेळात एक पांढरी कडा उमटली.